पुढून उघडणारी काचपेटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच, पुढे काचेची दोन दारे आणि वर धातूची बारीक जाळी असलेली ही पेटी मी आयसोपॉड पाळण्यासाठी, आणि खरे तर त्यांना निवांत पाहता यावे म्हणून घेतली. पाचोळ्याखाली राहणारे, आणि काही जातींत डिवचताच अंगाची गोळी करणारे हे करडे जीव कीटक नसून खेकडा-कोळंबीच्या कुळातले आहेत. पोटाखालच्या ज्या अवयवांनी ते श्वास घेतात ते ओलसर राहावे लागतात, त्यामुळे पेटीची पारख ओलावा कसा टिकतो यावरूनच करायला हवी.

या कसोटीला पेटी मूळ रूपात उतरत नाही. पूर्ण जाळीचे झाकण कोरड्या प्रदेशातल्या सरड्यांना मानवेल. इथे मात्र मातीचा वरचा थर पाहता पाहता सुकतो. झाकण पूर्ण बंद केले, तर काचेवर इतके दव धरते की आतले काही दिसत नाही. १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ठेवला आणि तिच्यात नेचे उगवले. वनस्पतीला मानवणारी ही बंद हवा प्राण्यांच्या पेटीत मात्र कोंदट होते. मी जाळीचा बराचसा भाग काचेच्या तुकड्याने झाकला. आता दारांखालच्या झरोक्यातून हवा आत येते, उरलेल्या जाळीतून बाहेर पडते आणि काच स्वच्छ राहते. पाणी फक्त एका टोकाच्या शेवाळावर घालतो. दुसरे टोक कोरडे ठेवल्याने कुठे बसायचे ते प्राणीच ठरवतात.

निरीक्षणाच्या दृष्टीने मोठा दोष म्हणजे तळाची काळी प्लॅस्टिकची चौकट, कारण जिथे खरी वर्दळ असते नेमका तोच थर तिने झाकला जातो. एका बाजूला माती चढती रचून त्या काचेवर बाहेरून काळा कागद लावला, तेव्हा प्राणी काचेलगत वावरू लागले. कागद हलकेच उचलला की कात टाकणारा एखादा दिसतो: आधी मागच्या अर्ध्या अंगाची कात निघते आणि पुढची नंतर, त्यामुळे मधल्या काळात तो दुरंगी दिसतो. उतरलेली कात बहुधा तो स्वतःच खाऊन टाकतो, त्यातला कॅल्शियम वाया जात नाही.

दारे घट्ट बसतात, कुलूपही ठीक आहे. गुळगुळीत काचेवर आयसोपॉड चढू शकत नाहीत. कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या सांध्यावरून मात्र सहज चढतात, आणि दोन दारांमधल्या फटीतून पिल्ले निसटतात. तिथे पारदर्शक पट्टी चिकटवावी लागली, जी उत्पादकानेच द्यायला हवी होती.

केवळ आयसोपॉडच ठेवायचे असतील, तर या उंचीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. बुटकी, पसरट पेटी अधिक उपयोगाची ठरेल. मी वरच्या रिकाम्या जागेत सालीसकट वाळलेली फांदी उभी केली आहे, आणि रात्री मंद लाल उजेडात पाहिले तर काही जण सालीवरचे शेवाळ खरवडताना दिसतात.