दोन बटणं की लाइट कर्टन? प्रेससाठी मी काय निवडलं

पत्रा कापायची-वाकवायची न्युमॅटिक क्लचची (हवेवर चालणारी, मधेच थांबवता येणारी) प्रेस आहे, पीस हातानेच ठेवायचा-काढायचा आहे आणि फूट पेडल आता बंद करायचं ठरलंय. मग प्रश्न एकच उरतो: दोन हातांची बटणं (दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही अशी) लावायची की लाइट कर्टन (समोर किरणांचा पडदा, तो तुटला की प्रेस थांबते)? भोसरीतल्या माझ्या छोट्या शॉपमध्ये 63 टनी प्रेसवर मी दोन्ही वापरलंय. आधी बटणं, नंतर कर्टन.

पिन क्लचची जुनी प्रेस असेल तर मात्र ही तुलना तुमच्या कामाची नाही. पिन एकदा गुंतली की फेरा पूर्ण झाल्याशिवाय रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबत नाही. कर्टन कितीही भारी लावा, हात आत गेलेला कळेल पण प्रेस थांबणार नाही. तिथे डायभोवती (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याभोवती) पक्कं गार्ड आणि पीस सरकवायला चॅनल, हाच मार्ग. गार्डची फट 6 मिमी असेल तर ती धोक्याच्या जागेपासून निदान 10 मिमी लांब हवी; फट 12 मिमीची केलीत की तेच अंतर 100 मिमीवर जातं. फट मोठी ठेवायचा मोह होतो तेव्हा हा आकडा आठवा.

आता बटणं. स्वस्त आहेत, आपला नेहमीचा इलेक्ट्रिशियन सांभाळू शकतो, तेलाचा-धुळीचा त्रास नाही. अट एवढीच की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक (रॅमचा एक फेरा) मिळावा, आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सुटलेली असावीत. नुसती सिरीजमध्ये जोडलेली बटणं म्हणजे सेफ्टी नव्हे. मी पूर्वी सुपरवायझर होतो तिथे अशीच जोडलेली होती. एका बटणावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं सापडायचं. सकाळी काढावं, तर दुपारी जेवणानंतर परत जागेवर. त्या पोरांना मी दोष देत नाही. एका शिफ्टमध्ये तीन-चार हजार वेळा दोन्ही हात मागे नेऊन बटणं दाबा, खांदे काय म्हणतात ते कळेल.

त्यात अंतराचा हिशोब येतो: हात डायपर्यंत पोचायच्या आत रॅम थांबला पाहिजे. माझ्या प्रेसचा थांबण्याचा वेळ, सगळं धरून, साधारण 0.22 सेकंद आहे. बटणांसाठी हाताचा वेग सेकंदाला 1600 मिमी धरतात आणि वर 250 मिमी मिळवतात; म्हणजे बटणं डायपासून 602 मिमी लांब हवीत. बोट ओळखणाऱ्या, 14 मिमीच्या कर्टनला वेग 2000 धरला तरी 440 मिमीच येतात. बटणं जवळ घेता येतील आणि कर्टन लांब बसवावं लागेल अशी माझी समजूत होती. निघालं उलटंच. बऱ्याच शॉपमध्ये बटणं प्रेसच्या बॉडीवरच बसवलेली दिसतात. तिथून हात काढून डायपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते एकदा उभं राहून बघा.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला खटकली ती एकच गोष्ट: बटणं ऑपरेटरचे दोन हात राखतात, तिसरा हात राखत नाहीत.

ब्रॅकेटचं फॉर्मिंग चालू होतं. ऑपरेटर समोर, हेल्पर डाव्या बाजूला पीस काढायला. ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) लोकेटिंग पिनवर नीट बसला नाही, एक कोपरा वर राहिला. ऑपरेटरला ते दिसलं नाही, त्याने नियमाप्रमाणे दोन्ही बटणं दाबली. हेल्परला दिसलं, आणि त्याने कोपरा दाबायला हात पुढे केला. रॅम खाली आला तेव्हा त्याच्या हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक डायमध्ये राहिलं. हातमोजा एक नंबर मोठा होता म्हणून बोट वाचलं. तो चिंधीचा तुकडा मी पंचाखालून (साच्याच्या वरच्या भागाखालून) चिमट्याने काढला, त्यावर डायचं ग्रीस आणि कापल्याची स्वच्छ सरळ रेघ होती. दोघांपैकी कोणाचीच चूक नव्हती. त्या दिवसापासून बटणांवरचा माझा विश्वास उडाला. हेल्परसाठी बटणांची दुसरी जोडी लावता येते, ते योग्यही आहे. पण तिसरा कोणी, क्वालिटीवाला म्हणा किंवा मीच, पीस बघायला वाकला तर?

कर्टनला हात कोणाचा आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. किरण तुटला, रॅम थांबला.

त्रास कर्टनचेही आहेत. लेन्सवर तेलाचा थर बसला की प्रेस उगाच थांबते. सुरुवातीचे पंधरा दिवस ऑपरेटर वैतागला होता. आता शिफ्ट सुरू होताना मऊ कापडाने पुसणं ठरलेलं आहे. कर्टन फक्त समोरची बाजू राखतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना जाळी लावावीच लागते, नाहीतर हेल्परचा प्रश्न जिथल्या तिथे. कर्टन आणि बेड (डाय बसवतात ती प्रेसची बैठक) यांच्यामध्ये माणूस उभा राहू शकेल एवढी जागाही सोडू नका. लांब पत्रा वाकताना वर उसळत असेल तर तो किरण तोडत राहतो. तशा कामाला बटणं बरी पडतील, असं मला वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर कर्टन महाग आहेच, पण पैसे खरे लागले ते त्याच्या मागे. टाइप 4 चं (सगळ्यात वरच्या सुरक्षा दर्जाचं) कर्टन घेऊन त्याचा सिग्नल क्लचची हवा सोडणाऱ्या जुन्या एकाच सोलनॉइड व्हॉल्व्हला दिला तर तो व्हॉल्व्ह अडकला की सगळं फुकट. एकमेकांवर नजर ठेवणारा डबल व्हॉल्व्ह आणि सेफ्टी रिले (सिग्नल तपासून प्रेस थांबवणारा) हवाच. ब्रेकचे लायनर झिजले की थांबण्याचा वेळ वाढतो आणि 440 मिमीचा हिशोब चुकतो, म्हणून तो वेळ मी अधूनमधून मोजून घेतो. खरं तर हे दोन्ही खर्च बटणांनाही लागू आहेत; बटणं लावताना ते कोणी सांगत नाही, म्हणून ती स्वस्त वाटतात.

डाय सेटिंगला मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे मेन स्विच बंद करून कुलूप आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक.

तुमचं काम एकट्या माणसाचं, पीस छोटा आणि बाजूने पोचायला वावच नसेल, तर नीट वायरिंग केलेली बटणं पुरतील. प्रेसजवळ दोन माणसं असतील तर मी कर्टनच सुचवेन. माझ्या 100 टनीवर अजून बटणं आहेत, दोन जोड्या. तिच्या बाजूच्या जाळ्या फॅब्रिकेशनला दिल्यात. कर्टन बसेपर्यंत त्या प्रेसवर फक्त एकाच माणसाचं काम लावतो.