संपादकांना पत्र की पबपीअर?

छापून आलेल्या संशोधन-पेपरमध्ये एकच वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीचं चित्र) दोन वेगळ्या प्रथिनांच्या नावाने दिसला, तर कुठे सांगायचं? नियतकालिकाच्या संपादकांना, की पबपीअरवर, म्हणजे छापलेल्या पेपरांवर कुणालाही, नाव न देताही, शंका मांडता येते त्या संकेतस्थळावर? मी दोन्हीकडे सांगून पाहिलं आहे.

संपादकांच्या वाटेला वजन आहे. लेखकांकडून मूळ डेटा मागवणं आणि पेपर मागे घेणं त्यांच्याच हातात असतं. चौकशी कशी करावी, याच्या पायऱ्या ‘कोप’ने (प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठीची संस्था) आखून दिल्या आहेत. लेखकाची बाजू आधी ऐकली जाते. वाद आकडेमोडीचा किंवा निष्कर्षाचा असेल, तर आजही मी पत्रच लिहीन.

मला सहन झालं नाही ते मौन. पत्राला दोन ओळींचं उत्तर आलं: चौकशी सुरू आहे, कृपया गोपनीयता पाळावी. पुढे सव्वा वर्ष काही नाही. मधल्या काळात आमच्या शेजारच्या लॅबमधल्या एका मुलीने त्याच पेपरवर आपला प्रयोग बेतला. चार महिने चाचणीला लागणारी अँटिबॉडी संपत होती, निकाल येत नव्हता आणि ती स्वतःच्या हाताला दोष देत होती. मला कारण ठाऊक होतं आणि मी शब्द देऊन बसलो होतो. ते अजून टोचतं.

पबपीअरवर लिहिलं की लगेच न्याय होतो, असंही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष मार्क टेसिए-लव्हीन यांच्या पेपरांतल्या चित्रांवर तिथे २०१५ पासून शंका होत्या. त्यांनी अध्यक्षपद सोडण्याचं जाहीर केलं ते २०२३ मध्ये. त्यांनी स्वतः फेरफार केल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण काही पेपर मागे घ्यावे लागले. मात्र इतकी वर्षं त्या शंका कुणालाही वाचता येत होत्या. निनावी लिहिण्यावर बरेच जण नाराज असतात. मला वाटतं, गाइडच्या मर्जीवर पीएचडी अवलंबून असलेल्या मुलांना दुसरा आडोसा नाही.

दुसऱ्या वेळी मी तिथेच लिहिलं. हेतूबद्दल अवाक्षर नाही, फक्त दोन चित्रं शेजारी ठेवली. तीन आठवड्यांत लेखकांनी मूळ ब्लॉट टाकला. आकृती जुळवताना चूक झाली होती. सगळ्यांचाच अनुभव असा असेल असं नाही.

तरी विचाराल तर आधी पबपीअर, आणि दुसऱ्या दिवशी तीच लिंक संपादकांना. आधी पत्र गेलं, तर गोपनीयतेची विनंती येते आणि मग शेजारच्या लॅबलाही काही सांगता येत नाही.