जुने गोवे की पणजी : एकच दिवस हाती असेल तर

आमच्याकडे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे आले, की समुद्रकिनाऱ्यांवर एक दिवस गेल्यानंतर हा प्रश्न ठरलेला असतो : इतिहास पाहायचा तर जुन्या गोव्याला जावे, की पणजीतच फिरावे? दोन्ही ठिकाणे मांडवीच्या एकाच काठावर, साधारण दहा किलोमीटर अंतरावर आहेत. तरीही एका दिवसात दोन्ही उरकायला गेलेला माणूस दोन्हीकडून थकून परततो, असे मी वारंवार पाहिले आहे.

भव्यता पाहायची असेल, तर जुन्या गोव्याला पर्याय नाही. आदिलशाहीचे हे बंदर आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकले आणि पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी होते. से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही, त्यामुळे दर्शनी भागाची एक बाजू आजही मोकळी दिसते. समोरच्या बॉम जीझस बॅसिलिकेत, जी १६०५ मध्ये पूर्ण झाली, सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत ठेवलेले आहेत. येथील चर्च आणि मठांना १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

बहुतेक सहली एवढे पाहून निघतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात एक काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे. आदिलशहाच्या येथील राजवाड्याचे जे काही उरले, ते एवढेच. तिच्या खांबांवरील कोरीव काम जवळून पाहिले, तर ते मंदिरांच्या कारागिरीशी नाते सांगते. येथे आधीचा थर असा जवळजवळ पुसला गेला आहे, आणि नंतरचे नांदते शहरही साथीच्या रोगांनी उठून गेले. उरली ती देवळांएवढीच उंच चर्च आणि त्यांच्याभोवतीची हिरवळ. घरे, बाजार, गल्ल्या यांची कल्पना आपली आपणच करावी लागते.

पणजीचे याच्या नेमके उलट आहे. ओस पडत चाललेल्या जुन्या शहराचे दगड येथील बांधकामांना वापरले गेले आणि १८४३ मध्ये राजधानीही रीतसर येथे आली. सेंट ऑगस्टीनचा मनोरा जुन्या गोव्याच्या टेकडीवर अर्धा ढासळलेल्या अवस्थेत उभा आहे, पण त्याची घंटा पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये वाजते. पणजीत मांडवीकाठी असलेला आदिलशहाचा दुसरा राजवाडा १७५९ पासून व्हाइसरॉयचे निवासस्थान झाला, पुढे सचिवालय झाला आणि मुक्तीनंतर गोव्याची विधानसभाही कित्येक वर्षे तेथेच भरत असे. एकाच वास्तूने इतक्या राजवटी पाहिल्याचे उदाहरण गोव्यात मला दुसरे ठाऊक नाही.

तेथून चालत मळा-फोन्तेन्हास भागात जावे. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या कपेलात, म्हणजे प्रार्थनागृहात, एक क्रूस आहे. नेहमीप्रमाणे मान खाली घातलेला आणि डोळे मिटलेला ख्रिस्त येथे दिसत नाही. त्याचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथॉलिक धर्मन्यायालयाच्या, इमारतीतला. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये या कपेलात. ज्या डोळ्यांसमोर माणसांचे जबाब घेतले गेले, ते डोळे आज वस्तीतल्या रोजच्या प्रार्थनेकडे पाहत आहेत. तेथे मी दरवेळी थोडा थबकतो. याच पणजीत १८१८ च्या सुमारास महालक्ष्मीच्या देवळाला पोर्तुगीज सरकारची परवानगी मिळाली, आणि शतकानुशतके देव खाडीपलीकडे न्यावे लागलेल्या समाजासाठी ती लहान गोष्ट नव्हती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. इतिहासाचे थर एकमेकांवर कसे बसले हे समजून घ्यायचे असेल, तर पणजी निवडावी. स्थापत्याची आवड असेल, झेवियर यांच्याविषयी श्रद्धा असेल, किंवा सोबत गुडघे दुखणारे वडीलधारे असतील, तर जुने गोवे सोयीचे. कॅथेड्रल आणि बॅसिलिका यांच्यामध्ये केवळ रस्ता आहे. पणजीत आल्तिन्हो टेकडीचा चढ आणि मळा भागातील अरुंद गल्ल्या पायांनीच पार कराव्या लागतात. तेथील रंगीत घरांत माणसे राहतात, याचे भान ठेवून कोणाच्या ओसरीवर फोटोसाठी चढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जुन्या गोव्याला जाणार असाल, तर रविवारची सकाळ टाळा, कारण तेव्हा प्रार्थना चालू असतात. वेळ उरलाच, तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरा आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान तेथे होते. त्याच देवाच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला.