कोरडा डेक, अपुरे बिछाने : जुन्या शिडाच्या बोटीच्या नूतनीकरणाचा अनुभव

चाळीस वर्षांहून जुनी, 36 फुटी, फायबरग्लासची आमची शिडाची बोट दोन लहान मुलांसह कायमचे राहता येईल अशी करून घेण्यासाठी आम्ही बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डाकडे सोपवली होती. काम सात महिन्यांचे ठरले होते, प्रत्यक्षात अकरा लागले. बोटीवर राहून वर्ष झाल्यानंतर हे लिहीत आहे, कारण बोट ताब्यात घेतली त्या दिवशी लिहिले असते तर गुळगुळीत लाकूडकामाचीच स्तुती केली असती आणि ज्या कामाला खरा मान द्यायला हवा ते नजरेआडच राहिले असते.

ते काम म्हणजे डेक. त्या काळातल्या अनेक बोटींप्रमाणे आमच्या डेकमध्येही फायबरग्लासच्या दोन पातळ थरांच्या मधोमध बाल्सा लाकूड होते. त्यामुळे डेक हलका आणि ताठ राहतो. परंतु कठड्याचे खांब किंवा दोर बांधायचे खुंट बसवण्यासाठी पाडलेल्या प्रत्येक भोकातले, फट बुजवणारे सीलंट काही वर्षांनी सुकते, पाणी लाकडापर्यंत झिरपते, लाकूड कुजते आणि पायाखाली डेक दबू लागतो. यार्डाच्या मुख्य कारागिराने हातोडीच्या दांड्याने सबंध डेक वीतवीत ठोकून पाहिला, जिथे टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तिथे खडूने रेघ ओढली आणि मग आम्हाला बोलावून तो खडूचा नकाशा दाखवला. आमचा विश्वास तिथेच बसला. वरचा थर कापून ओले लाकूड काढणे, उरलेला भाग पूर्ण वाळू देणे आणि नवे बाल्सा इपॉक्सीत, म्हणजे वाळल्यावर कडक होणाऱ्या चिकट राळेत, बसवणे यात त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक भोक आधी मोठे करून त्यात घट्ट इपॉक्सी भरले आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टापुरते नवे भोक पाडले. त्यामुळे पुढे सीलंट निकामी झाले तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. वर्षभराच्या पावसात मुलांच्या गाद्या एकदाही ओल्या झाल्या नाहीत. बंद केबिनमध्ये ओल आणि बुरशी यांच्यासोबत लहान मुले वाढवणे काय असते, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

पाण्याखालच्या झडपांचे कामही तितकेच चोख होते. जुन्या झडपा पितळेच्या होत्या. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. काढताना त्यांतली एक कारागिराच्या हातातच मोडली. त्या जागी ब्राँझच्या झडपा आल्या. गॅसच्या बाबतीत तर आम्ही न सांगता त्यांनी योग्य ते केले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरला केबिनपासून तोडलेला, थेट बाहेर निचरा होणारा खण, शेगडीजवळ गॅस बंद करणारा स्विच आणि तळाशी गळतीची सूचना देणारे यंत्र त्यांनी बसवले.

विजेच्या कामात चूक झाली. शिसे-आम्लाच्या 400 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या 200 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या बसवल्या, हा निर्णय बरोबरच होता, कारण जुन्या प्रकारातली निम्मीच वीज वापरणे हिताचे असते आणि नव्या बॅटऱ्यांचे वजनही पुष्कळ कमी आहे. मात्र इंजिनावरचा वीज तयार करणारा अल्टरनेटर या बॅटऱ्यांना थेट जोडला होता. अशा बॅटऱ्या मिळेल तितका प्रवाह ओढत राहतात आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. आम्ही हे दाखवून दिल्यावर मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा चार्जर बसवून मिळाला, तोही कुरकुर न करता.

खरी तक्रार बिछान्यांची आहे. यार्डाने आतली रचना बोट धक्क्याला स्थिर उभी आहे असे गृहीत धरून केली. मुलांना पुढच्या टोकाची केबिन दिली; लाटांमध्ये तिथेच सर्वांत जास्त उसळी बसते, तर बोटीच्या मध्यभागी सर्वांत कमी. बोट वाऱ्याने वीस अंश कलली की झोपलेले मूल घरंगळू नये म्हणून बिछान्याच्या कडेला जे जाड कापड उभे ताणतात, ते त्यांनी पातळ प्लायवुडमध्ये छोट्या स्क्रूंनी बसवले होते. समुद्रातल्या पहिल्याच रात्री ते उखडले आणि धाकटी जमिनीवर आली. तिला लागले नाही. पण त्या रात्रीनंतर आम्ही दोघेही कितीतरी दिवस पाळीपाळीने जागे राहिलो. आता कापडाची खालची कड गादीखाली जाड पट्टी आणि आरपार बोल्ट लावून पक्की केली आहे.

डेक, झडपा आणि गॅस यांसाठी मी याच यार्डाकडे निःसंकोच पुन्हा जाईन. आतल्या रचनेचे काम देताना मात्र प्रत्येक बिछाना दोन्ही बाजूंना कललेल्या बोटीत कसा वापरता येईल, हे आराखड्यावर आधी लिहून घेईन. मुले सध्या मधल्या केबिनमधल्या बाकांवर झोपतात, आणि पुढच्या केबिनमध्ये आम्ही जादा शिडे ठेवली आहेत.