परदेशी जेट लोहगावला उतरवायचं होतं: परमिट एजंटचा अनुभव

चाकणच्या कंपनीत मी ॲडमिन बघतो. बस, कँटीन, पाहुण्यांच्या इनोव्हा, एवढंच आमचं जग. फेब्रुवारीत जर्मनीहून निरोप आला की मोठे साहेब स्वतःच्या जेटने थेट पुण्यात येतायत, परवानगीचं तेवढं बघा. जणू हॉलचं बुकिंग!

मुंबईचा एक एजंट गाठला. नाव देत नाही, का ते पुढे कळेल.

पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, "साहेब, पुण्याचं लोहगाव विमानतळ एअरफोर्सचं आहे हे तिकडे सांगितलंय ना?" वीस वर्षं विश्रांतवाडीत राहून सुखोईच्या आवाजाने दचकतोय, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे डीजीसीएची, म्हणजे नागरी विमानवाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी आलीच, वर हवाई दलाचीही संमती, आणि त्यासाठी पायलटपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट. विमानाची नोंदणी, एअरवर्दीनेस म्हणजे ते उडण्यालायक असल्याचा दाखला, विमा, पायलटचं लायसन्स हे वेगळंच. वाटेतल्या देशांचं काय, विचारलं तर म्हणाला, ज्याचं आकाश त्याची परवानगी, १९४४ च्या शिकागो करारापासून हेच चालू आहे. ते सगळं त्यानेच सांभाळलं, मला एकही मेल करावा लागला नाही.

दोन दिवस आधी को-पायलट बदलला. मी हबकलोच. या माणसाने रात्री अकराला नवा पासपोर्ट मागवून कागद पुन्हा पाठवले. इथे त्याला पैकीच्या पैकी.

आता तक्रार. विमान १२ तारखेला पहाटे २.१० ला उतरणार होतं. अर्जात वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा: २०.४०, आणि तारीख ११. याने वेळ बरोबर बदलली, तारीख १२ च ठेवली! म्हणजे कागदावर विमान एक दिवस उशिरा. मी सहज बोटांवर मोजलं म्हणून सापडलं. फोन केला तर म्हणतो, "होतं कधी कधी." अहो, कँटीनमध्ये होतं कधी कधी, मीठ जास्त पडतं.

वर बिलात दुरुस्तीचे पैसे दोनदा लावले. को-पायलटचे ठीक, तो आमच्याकडून बदलला. पण स्वतःच्या चुकीचेही आमच्याकडून? तीन मेल झाले तेव्हा ते काढले, जीएसटीसकट.

सुधारलेल्या तारखेचा वायए नंबर, म्हणजे डीजीसीएच्या मंजुरीचा नंबर, आदल्या दुपारी हातात पडला. तोपर्यंत माझा चहा चार वेळा गार झाला होता. विमान मात्र वेळेवर उतरलं.

साहेब पुन्हा येणार आहेत म्हणे. याच एजंटला देईन काम. फक्त अर्ज पाठवायच्या आधी मला दाखवायचा.