फ्लॅटच्या कामांसाठी ट्रेलो: दिवाळीपासून वापरल्यावर

आमचं काम पुण्यात, जुन्या फ्लॅटच्या नूतनीकरणाचं. पाडकाम, प्लंबिंग, टाइल्स, फॉल्स सीलिंग, फर्निचर; एका वेळी पाच-सहा साईट चालू असतात. दिवाळीनंतर सगळ्या साईट ट्रेलोवर घेतल्या, आता पावसाळा संपत आलाय. ट्रेलो म्हणजे कामांची नोंद ठेवायचं ॲप: एक बोर्ड, त्यावर याद्या, यादीत कार्डं, आणि काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या यादीत सरकवायचं. ॲप घेतलं की कामं वेळेवर होतात असं काही नाही. सुतार दांडी मारायचा तो मारतोच.

फायदा झाला तो दुसरीकडे. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं 'मी असं म्हटलंच नव्हतं' यावरून होतात. लॅमिनेटचा नंबर, ओट्याची उंची, गीझरचा पॉइंट कुठल्या भिंतीला, हे सगळं फोनवर ठरायचं आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जायचं. आता प्रत्येक फ्लॅटचा बोर्ड, प्रत्येक खोलीचं कार्ड. नमुन्याचा फोटो कार्डावर टाकायचा, मालकांनी खाली 'चालेल' लिहायचं, मगच ऑर्डर. कोणी काय लिहिलं ते तारीख-वेळेसकट राहतं. एक काकू वॉर्डरोबचा रंग बघून म्हणाल्या, "हा मी सांगितलाच नव्हता." सुपरवायझरने काही न बोलता कार्ड उघडून फोन त्यांच्या हातात दिला. रंग त्यांनी तरीही बदलून घेतला, पण जादाचे पैसे देऊन.

दुसरा उपयोग मला सगळ्यात मोठा वाटतो: झाकण्याआधीचे फोटो. भिंत बुजवण्याआधी पाइपांचे, सीलिंग बंद करण्याआधी वायरिंगचे, शेजारी टेप धरून. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून ठेवतात, त्याचाही. चेकलिस्टमध्ये फोटोच्या ओळीवर टिक नसेल तर कार्ड पुढच्या यादीत सरकवायचं नाही, हा आमचा नियम. हे ॲप स्वतःहून अडवत नाही, माणसानेच पाळायचं. मिस्त्री लोक ॲप वापरत नाहीत, वापरणारही नाहीत. ते सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात आणि तो कार्डावर चढवतो. थोडं दुहेरी काम आहे, पण चालतं.

फुकटच्या प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला (आपल्या सगळ्या बोर्डांच्या गटाला) १० बोर्ड आणि १० माणसं, एक फाइल १० एमबीपर्यंत. मालक, त्यांची मुलगी, आर्किटेक्ट असे जोडत गेलं की हा आकडा लगेच भरतो, आणि मोठी ड्रॉइंग चढत नाहीत. स्टँडर्ड प्लॅन वर्षाचं बिल एकदम भरलं तर माणशी महिना ५ डॉलरला पडतो, त्यात फाइल २५० एमबीपर्यंत जाते. आम्ही तोच घेतला.

आता सुरक्षेचं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेलोच्या सुमारे दीड कोटी वापरकर्त्यांची नावं आणि ईमेल एका हॅकिंग फोरमवर विक्रीला आले होते. त्यात कोणी कुलूप फोडलेलं नव्हतं. ईमेलवरून खातं शोधण्याची एक सोय लॉगिनशिवाय चालत होती, तिला आधीच जमवलेले ईमेल एकामागून एक विचारले गेले. पासवर्ड त्यात नव्हते. तरीही अशा ईमेलवर ट्रेलोच्या नावाने खोटे मेल येऊ शकतात, म्हणून 'तुम्हाला कार्डावर जोडलंय' असा मेल आला की लिंक न दाबता ॲपच उघडायचं, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवायचं.

मला जास्त काळजी वाटते ती 'पब्लिक' या बटणाची. बोर्ड पब्लिक केला की तो लिंक असणाऱ्या कोणालाही दिसतो, गूगललाही सापडू शकतो. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे पासवर्ड आणि अंतर्गत कागद असेच उघड्या ट्रेलो बोर्डांवर सापडले होते. मालकांना लॉगिन करायचा कंटाळा म्हणून बोर्ड पब्लिक करून लिंक पाठवायचा मोह होतो. करू नका. त्या बोर्डावर घराचा नकाशा असतो, आणि घरचे कधी गावाला जाणार तेही असतं.

डिजिटल लॉकचा कोड आमच्याकडे कार्डावर लिहायचा नाही, फोनवर सांगायचा. आणि आधार कार्ड. सोसायट्या गेटपाससाठी कामगारांच्या आधारची प्रत मागतात, मग ते फोटो सोयीसाठी कार्डावर येऊन पडतात आणि मालकांपासून आर्किटेक्टपर्यंत सगळ्यांना दिसतात. बिचाऱ्या रंगाऱ्याला कोणी विचारलेलंही नसतं. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून मिळतं. आम्ही तेवढंच सोसायटीला देतो, बोर्डावर काहीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो आकडा आपल्यासारख्यांसाठी नसेल, पण दुसऱ्याचे कागद सांभाळायची जबाबदारी सॉफ्टवेअरवाल्यावर ढकलता येत नाही.

मध्यंतरी एक सुपरवायझर सोडून गेला. त्याचं नाव त्याच दिवशी सगळ्या बोर्डांवरून काढलं, दोन मिनिटांचं काम. त्याच्या फोनच्या गॅलरीतले साईटचे फोटो मात्र त्याच्याकडेच आहेत, तिथे ट्रेलो काय करणार?

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट म्हणजे कार्ड 'अर्काइव्ह' करायचं, 'डिलीट' नाही. अर्काइव्ह केलेलं परत आणता येतं, डिलीट केलेलं कायमचं जातं. बोर्डाचंही तसंच आहे: तो 'क्लोज' केला तरी आतली माहिती तशीच राहते, कायमचा पुसायला वेगळं बटण आहे. आणि बोर्ड एक्स्पोर्ट केला की जेसन (JSON) नावाच्या प्रकारची नुसत्या मजकुराची फाइल मिळते, तिच्यात फोटो नसतात, फक्त त्यांच्या लिंक असतात. म्हणून हँडओव्हरआधी पाइप-वायरिंगचे फोटो उतरवून मालकांना पेनड्राइव्हवर देतो, एक प्रत ऑफिसच्या हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि शेवटचं बिल मिटलं की बोर्ड पुसून टाकतो.