अजिंक्यताऱ्यावरचं रविवारचं श्रमदान : जाऊन या, चार स्टार

अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चालायला जाणारे साताऱ्यात खूप आहेत, त्यांच्यासाठी खास लिहितोय. इथल्या पोरांचा एक ग्रुप रविवारी गडावर श्रमदान घेतो, फी नाही काही नाही, आदल्या दिवशी फक्त नाव कळवायचं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते म्हणजे काय करायचं नाही हे आधी सांगतात. तटातनं पिंपळ उगवलेला दिसला की नव्या पोरांचे हात शिवशिवतात, पण उपटायचा नाही, त्याचं मूळ दगडांच्या सांध्यात आत शिरलेलं असतं, ओढलं की दगड पण निखळणार. बुंध्याशी कापायचा आणि मुळाचं काय करायचं ते जाणकार ठरवणार. निसटलेला दगड सिमेंटनं बसवायचा तर विषयच नाही. जुनं काम चुन्यातलं, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं आणि मग शेजारचा चांगला दगड फुटायला लागतो. "हौसेनं केलेल्या डागडुजीनंच गडांची जास्त वाट लागते" असं तिथले एक दादा म्हणाले, शंभर टक्के खरंय.

आम्हाला गडावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढायचं काम होतं. साखळी करून घमेली वर द्यायची, पण गाळ असाच कुठंतरी ओतून देत नाहीत, ताडपत्रीवर पसरून ढेकूळ न ढेकूळ हातानं फोडून बघतात. खापरं निघाली, कौलाचे तुकडे निघाले आणि एक बोटभर लांब गंजून फुगलेला खिळा. एक पोरगं तो धुवायला निघालं तर ग्रुपमधल्या एक काकू ओरडल्या, "आरं धुऊ नको, हाय तसा ठेव!" मग कुठल्या टाक्यातला, किती खोलावर सापडला ते चिठ्ठीवर लिहून खिळा पिशवीत. लय भारी वाटलं बघून.

जेवायच्या सुट्टीत 1700 च्या वेढ्याची गोष्ट सांगितली, किल्लेदार प्रयागजी प्रभू, औरंगजेब स्वतः खाली तळ ठोकून, मुघलांनी सुरुंग उडवला आणि बुरूज त्यांच्याच माणसांवर कोसळला. पुस्तकात वाचलेलं असतं पण त्याच तटाजवळ भाकरी खाताना ऐकलं की अंगावर काटा येतो.

एक स्टार कापला तो बायकांच्या सोयीसाठी. कपडे बदलायला साधा आडोसा नव्हता, दोन बांबू आणि एक ताडपत्री लागते हो, एवढं कराच. हातमोजे पण कमी पडले, स्वतःचे न्या.

फुल बाह्यांचा शर्ट, बूट आणि भरपूर पाणी पाहिजेच. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं, काठी आपटत चाला, साप असतात. लहान पोरांना टाक्याजवळ सोडत नाहीत, त्यांना प्लॅस्टिक गोळा करायला देतात आणि ते बरोबरच आहे, बाटल्या नि वेफर्सची पाकिटं पोत्यानं निघतात.